निगुऱ्यास गती नाही काय?



आपल्या परभणी जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून ‘निगुरा’ हा शब्द अद्याप पुसला गेलेला नाही. ज्याने कोणा गुरूकडून कानमंत्र घेतला नाही तो निगुरा. त्याच्या हातचे पाणी पिऊ नये, त्याने केलेला जप त्याच्या पदरी पडत नाही, त्यास गती नाही, असे काही वडीलधारी माणसे आजही निःशंकपणे बोलून दाखवितात. दिवसभर कापूस वेचून रात्री दिव्यापाशी माळ घेऊन बसणारी एखादी बाई ह्या बोलाने खट्टू होते आणि उसनवारी करून, प्रसंगी कानातले मोडून, अनुग्रहाच्या खर्चाची तजवीज करते. तेव्हा हा केवळ शास्त्रीबोवांच्या वादाचा विषय नव्हे. त्यात गरिबांचा पैसा गुंतलेला आहे, त्यांचा वेळ गुंतलेला आहे, आणि ह्या दोहोंहून मोलाचा असा त्यांचा स्वतःवरचा विश्वास गुंतलेला आहे.

ह्या एका शब्दामागे तीन समजुती उभ्या आहेत. पहिली ही की, गुरू हा आपल्याहून सर्वथा निराळा, कधीही न चुकणारा असा पुरुष असतो आणि त्याच्या स्वाधीन झाल्यावाचून काही साधत नाही. दुसरी ही की, जितके कष्ट अधिक तितके फळ अधिक. जो अधिक तास डोळे मिटून बसला तो परमेश्वराच्या अधिक जवळ पोहोचला. आणि तिसरी ही की, साक्षात्कार ही एकदा घडून संपणारी घटना आहे. ती घडली की मनुष्य कायमचा वरच्या वर्गात चढला, मग त्याची परीक्षा कोणी घ्यावयाची नाही.

ह्या समजुती तपासण्यासाठी परदेशी पंडितांकडे धाव घेण्याचे कारण नाही. आपल्याच गोदाकाठी, आपल्याच आजीच्या तोंडून ऐकलेल्या कथा जरा बारकाईने वाचल्या तर तेवढ्याने भागते. मात्र इतिहासाच्या दृष्टीने एक खुलासा आरंभीच करावयास हवा. नामदेवादी संत तेराव्या-चौदाव्या शतकांतले. त्यांच्या कथा आज ज्या रूपात आपल्या कानी आहेत ते रूप पुष्कळ अंशी ताहराबादच्या महिपतींनी (१७१५–१७९०) दिलेले आहे. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ सालचा, म्हणजे नामदेवांच्या निधनानंतर चारशेहून अधिक वर्षांनी रचलेला. नामदेवांच्या गाथेतही पुढील काळातील विष्णुदास नामा ह्यांचे अभंग मिसळलेले आहेत. तेव्हा ह्या कथांतील प्रत्येक चमत्कार घडला असे मी म्हणत नाही. पण जी कथा एखादा समाज शेकडो वर्षे जपतो, कीर्तनात सांगतो, लेकरांस ऐकवितो, ती त्या समाजास अंतःकरणात काय पटले होते ह्याचा पुरावा असते. ह्या कथांकडे मी त्या पुराव्याच्या दृष्टीने पाहणार आहे.

प्रथम गुरूचा विचार करू. नामदेवांचा जन्म परंपरेप्रमाणे शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० सालचा. त्यांचे जन्मस्थान म्हणून सांगितली जाणारी नरसी, तसेच ज्या औंढा नागनाथाच्या देवळाशी त्यांची कथा निगडित आहे ते गाव, ही दोन्ही १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. कथा अशी की, तेरच्या गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने गोरोबांस कच्चे-पक्के मडके ओळखण्यास सांगितले. गोरोबांनी मडकी ठोकावयाचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारण्यास आरंभ केला. इतर संत शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी निर्णय दिला, हे मडके कच्चे आहे.

येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. नामदेव तेव्हा अनोळखी नव्हते. देव त्यांच्या हातून जेवतो, त्यांच्याशी बोलतो अशी त्यांची ख्याती होती. म्हणजे लोक ज्यास साक्षात्कार म्हणतात तो त्यांच्या पदरी अगोदरच होता. आणि तरीही त्यांस कच्चे ठरविले ते एका कुंभाराने, तेही एका लहानग्या मुलीच्या सूचनेवरून. कशावरून ठरविले? ध्यान किती लागते हे पाहून नव्हे, दृष्टान्त किती झाले हे मोजून नव्हे. डोक्यावर थापटणे बसले असता मनुष्य कसा वागतो, एवढ्यावरून.

पुढे विठ्ठलाच्याच सांगण्यावरून नामदेव औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. पाहतात तो गुरू म्हणून ज्याच्याकडे पाठविले तो म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला! नामदेवांनी त्यास दटावले. म्हातारा म्हणाला की, जेथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिकडे नेत तिकडे पिंड उभी राही. अशीच कथा गुरू नानकांच्या मक्केच्या प्रवासाविषयीही सांगतात. कथांचे असे देशाटन होतच असते. परंतु आपल्या कथेतील विसोबांचे पूर्वचरित्र लक्षात घेतले म्हणजे तिला निराळीच धार येते. हे विसोबा मूळचे ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे ह्यांचे वैरी. मांडे भाजण्यास त्या पोरक्या भावंडांस खापरसुद्धा मिळू नये म्हणून ज्यांनी कुंभारवाड्यात खटपट केली, असे परंपरा सांगते ते हेच गृहस्थ. पुढे ते त्याच भावंडांना शरण गेले. म्हणजे नामदेवांस जो गुरू लाभला तो जन्मभर निष्कलंक असा पुरुष नव्हता. ज्याच्या हातून अन्याय घडला होता, ज्याने तो ओळखला होता आणि लहान मुलांपुढे मान लववून जो सुधारला होता, असा तो मनुष्य होता. गुरू कधी चुकत नाही, ह्या समजुतीस औंढ्याच्या कथेत कोठेही आधार नाही.

आणखी एक गोष्ट. उपदेश झाल्यावर विसोबांनी नामदेवांस आपल्यापाशी ठेवून घेतले नाही. नामदेव पंढरपुरास परत आले. आपल्या घरी, आपल्या माणसांत. त्यांच्याविषयी सांगतात की, पुढे एकदा कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ती कोरडी आहे म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. पिंडीबाहेर देव नाही असे समजणारा मनुष्य औंढ्यास गेला आणि कुत्र्यातही देव पाहणारा परत आला, एवढाच ह्या गुरूपदेशाचा सारांश. औंढ्यास मठ वाढला नाही, शिष्यांची मोजदाद झाली नाही.

ह्याच तऱ्हेची आणखी दोन उदाहरणे देतो. पुणतांब्याचे चांगदेव चौदाशे वर्षे योगबळाने जगले अशी आख्यायिका आहे. त्यांनी ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतले, पण वयाने लहान आणि ज्ञानाने मोठ्या अशा पुरुषास मायना काय लिहावा हे न सुचल्याने कागद कोराच धाडला. चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असे त्यावर मुक्ताबाईने म्हटल्याचे सांगतात. त्या कोऱ्या पत्रास उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या त्या ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. आणि अखेर चांगदेवांचे गुरुपद परंपरेने कोणास दिले? जिने वयाची विशीही पाहिली नाही त्या मुक्ताबाईस. दुसरे उदाहरण वेरूळजवळच्या देवगावच्या बहिणाबाईचे (१६२८–१७००). ह्या ब्राह्मण कुळातील स्त्रीने देहूच्या तुकोबांस, म्हणजे एका कुणब्यास, गुरू मानले. तोही उपदेश तिला स्वप्नात झाला. पतीचा विरोध होता, मारहाण होती. ते सर्व तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांतून सांगितले आहे. स्वतः तुकोबांसही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला. आता स्वप्नातल्या दीक्षेस दक्षिणा कोणती आणि मंडप कोणता? वय, जात, लिंग, पैसा, समारंभ ह्यांपैकी एकही अट ह्या गुरुशिष्यांच्या आड आली नाही. ह्या अटी नंतरच्या माणसांनी घातल्या.

आपल्या जिल्ह्यातील पाथरी हे शिर्डीच्या साईबाबांचे जन्मस्थान असल्याचा दावा केला जातो. २०२० सालच्या जानेवारीत पाथरीच्या विकासासाठी सरकारने शंभर कोटी रुपयांची घोषणा केली तेव्हा ह्या दाव्यावरून शिर्डीकरांनी गाव बंद ठेवले होते, हे श्रोत्यांस आठवत असेल. सेलूचे गोपाळराव देशमुख हेच बाबांचे गुरू असेही दासगणू महाराजांनी लिहिले आहे. अनेक अभ्यासक ते मानीत नाहीत. त्या वादात मी शिरत नाही. परंतु १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसाईसच्चरिता’त गुरूविषयी जी हकिकत आहे तिच्याकडे ह्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एक वृद्ध बाई बाबांकडून मंत्र मिळावा म्हणून अन्नपाणी सोडून बसली. बाबांनी तिची समजूत घातली ती स्वतःच्या गुरूची गोष्ट सांगून. आपल्या गुरूने आपल्या कानात कधी मंत्र फुंकला नाही. त्याने दोनच पैसे मागितले, एक निष्ठेचा आणि दुसरा सबुरीचा. ज्या गुरूच्या गावासाठी आपण भांडतो, त्याने कानमंत्र दिलाच नव्हता असे शिष्याच्या तोंडी नमूद आहे. मग त्या शिष्यास निगुरा म्हणावयाचे की काय?

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू; ती कष्टाविषयीची. माझ्या माहितीतील एक गृहस्थ बारा वर्षे नेमाने पहाटे तीनला उठून आसनावर बसत. एका मठाच्या सांगण्यावरून त्यांनी दोन वेळचे चार तास केले, चारांचे सहा केले. शेताचा एक तुकडाही त्या मठाच्या पायी गेला. झोप उडाली, स्वभाव चिडखोर झाला, घरातील मुले त्यांना भिऊ लागली. मन स्थिर होत नाही असे त्यांनी सांगितले तेव्हा उत्तर मिळाले की, तुमची साधनाच कमी पडते. ह्या उत्तरातील खोच ध्यानात घ्या. औषध लागू पडले तर कीर्ती वैद्याची, न पडले तर दोष रोग्याचा! असा वैद्य कधीच खोटा ठरत नाही. अतिध्यानाने काही जणांस निद्रानाश, भीती, उदासीनता असे त्रास होतात, हे आता मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही नोंदविले आहे. अशा वेळी ती ‘साधनेची परीक्षा’ नसून डॉक्टरकडे जाण्याची वेळ असते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

ह्यावर उतारा अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेला आहे. बुद्धांच्या सोण नावाच्या भिक्षूने चालत ध्यान करताना इतका अट्टाहास केला की त्याचे तळवे रक्तबंबाळ झाले, आणि तरी मनास शांती नाही म्हणून तो घरी परतण्याच्या विचारात पडला. हा सोण पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. बुद्धांनी त्यास विचारले की, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? आणि फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळी उत्तर ‘नाही’ असेच आले. प्रयत्नाचेही तसेच आहे, एवढेच बुद्धांस सांगावयाचे होते.

आपल्या जिल्ह्यात ह्या विषयावरचा सर्वांत मोठा अधिकार गंगाखेडच्या जनाबाईचा. तिचे आईबाप दमा आणि करुंड. लहानपणीच ती पंढरपुरास नामदेवांचे वडील दामाशेटी ह्यांच्या घरी कामास राहिली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, धुणे धुणे, गोवऱ्या वेचणे, हा तिचा दिनक्रम. सहा तास सोडा, सहा पळे डोळे मिटून बसण्याची सवड त्या दासीस कोठून मिळणार? तिच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत आणि त्यांतील देव तिला ध्यानात दिसत नाही. तो तिच्या शेजारी बसून जात्याचा खुंटा धरतो, तिच्या गोवऱ्या वेचतो. काम बाजूस सारून साधना करावयाची, हा विचारच तेथे नाही. कबीर तिला भेटावयास आले तेव्हा ती गोवऱ्यांवरून भांडत होती, आणि ज्या गोवरीतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती माझी, अशी खूण तिने सांगितली, अशी एक गोष्ट आहे. कालगणनेच्या दृष्टीने ही भेट अशक्य आहे. जनाबाई परंपरेप्रमाणे १३५० साली गेली आणि कबीर पंधराव्या शतकातले. तरीही ही गोष्ट लोकांनी रचली आणि जपली, ह्यात अर्थ आहे. काशीच्या महात्म्यास भेटताना आपली जनी समाधी लावून बसलेली नसावी, आपल्या कष्टाच्या गोवऱ्यांसाठी भांडत असावी, असे गोदाकाठच्या माणसांस वाटले.

मात्र येथे दुसऱ्या टोकास जाऊ नये. प्रयत्न नकोच असा निष्कर्ष कोणी आळशी मनुष्य ह्यातून काढील, म्हणून अलीकडच्या काळातले एक उदाहरण सांगतो. सांगली जिल्ह्यातील उमदीचे भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे नामस्मरण आणि दीर्घ ध्यान ह्यांचे कडवे पुरस्कर्ते. त्यांचे एक शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६). हे पाथरीचे, पण ती पाथरी सोलापूर जिल्ह्यातली, आपली नव्हे. गुरूंच्या पश्चात त्यांनी असे मत मांडले की, ध्यानाची वाट ही मुंगीची वाट, म्हणजे पिपीलिका मार्ग. श्रवण-मननाने, विवेकाने थेट उड्डाण करणारा तो विहंगम मार्ग. गुरुबंधूंस हे रुचले नाही. त्याच भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य म्हणजे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७), ते अखेरपर्यंत निंबाळच्या आश्रमात नामध्यानाच्या वाटेवर राहिले. एक गुरू, दोन शिष्य, दोन निर्णय. आणि दोघांसही जाणत्यांनी मानले. ध्यानाची वाट मागे टाकण्यास सांगणाऱ्या सिद्धरामेश्वरांनी स्वतः ती वाट वर्षानुवर्षे तुडविलेली होती, हेही विसरता कामा नये. शाळेत आम्ही मुलांस आधी बोटांवर मोजावयास शिकवीत असू आणि मग बोटे सोडावयास. पहिल्याच दिवशी बोटे सोडणाऱ्यास हिशेब येत नाही; जन्मभर बोटे मोजणाऱ्यासही येत नाही.

ह्या सिद्धरामेश्वरांची आणि मुंबईतील एका बिडीविक्रेत्याची १९३३ साली गाठ पडली. मारुती शिवरामपंत कांबळी हे त्या बिडीविक्रेत्याचे नाव. पुढे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) म्हणून ते ओळखले गेले. गुरूंच्या निधनानंतर ते सर्वसंगपरित्याग करून हिमालयाच्या वाटेस लागले होते. परंतु वाटेतूनच त्यांचे मन फिरले, ते मुंबईस बायकामुलांत परतले आणि पुन्हा दुकानात बसले. पुढे खेतवाडीतील त्यांच्या लहानशा खोलीत देशोदेशीचे लोक येऊन प्रश्न विचारू लागले; त्या मराठी संवादांचा ‘आय अॅम दॅट’ हा इंग्रजी ग्रंथ १९७३ साली निघाला. हिमालयाची अर्धी वाट तुडवून त्यांस एवढे कळले की, जे शोधावयाचे ते दुकानाच्या फळीवर बसूनही शोधता येते.

येथे तिसऱ्या समजुतीचा, साक्षात्काराचा, प्रश्न ओघानेच येतो. साक्षात्कार झाला हे ओळखावयाचे कसे? ज्यास झाला तो सांगतो म्हणून मानावे, तर तसे सांगणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. चमत्कारावरून मानावे, तर वाघावर बसून आलेल्या चांगदेवांस आमच्या परंपरेने कोरे ठरविले. ह्याउलट नामदेवांच्या चरित्रात ‘पक्के’ ठरल्याची खूण कोठे दिसते ते पाहा. मंगळवेढ्यास १३३८ साली कुसू कोसळून चोखामेळा इतर मजुरांबरोबर गाडला गेला. ज्यास देवळाच्या आत पाऊल टाकण्यास बंदी होती त्या चोखोबाची हाडे नामदेवांनी शोधून आणली आणि पंढरपुरास महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली. स्वतःसाठी त्यांनी जागा घेतली ती त्याच महाद्वाराच्या पायरीची. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाऊल जेथे पडावे ती जागा! तत्पूर्वी ते पंजाबापर्यंत हिंडले. त्यांची एकसष्ट पदे १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या ग्रंथसाहेबात मानाने समाविष्ट झाली. थापटणे डोक्यावर बसताच जो रागावला होता, त्याने आपले मस्तक सर्वांच्या पायांखाली दिले. मला विचाराल तर साक्षात्काराचा ह्याहून भक्कम पुरावा इतिहासात मिळणार नाही. आणि तो एका दिवसाचा नव्हे, पुढल्या साऱ्या आयुष्याचा आहे.

गुरूच नको असे म्हणणाऱ्यांचाही एक पक्ष आहे. ज्या जे. कृष्णमूर्तींस जगद्गुरू म्हणून लहानपणापासून वाढविले, त्यांनी ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडातील ओमेन येथे आपल्याभोवती उभारलेला तारक संघ स्वतःच विसर्जित केला, आणि सत्याकडे नेणारी ठरीव वाट नाही असे जाहीर केले. त्यांचे धैर्य मोठेच. परंतु त्यानंतर १९८६ पर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे, लोक त्यांच्यासमोर बसून ऐकतच राहिले. म्हणजे शिकविणाऱ्याची गरज मनुष्यास लागतेच. ती नाकारून ती संपत नाही. तेव्हा गुरू हवा की नको, हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. गुरूने करावयाचे काय, हा खरा प्रश्न.

आणि त्याचे उत्तर आज सांगितलेल्या बहुतेक कथांतून एकच निघते. खरा गुरू शिष्यास परत पाठवितो. विसोबांचा शिष्य पंढरपुरास परत आला. सिद्धरामेश्वरांचा शिष्य दुकानात परत आला. सच्चरितातील गुरूने मंत्राचे ओझेसुद्धा शिष्याच्या खांद्यावर ठेवले नाही. मी आयुष्याची बहुतेक वर्षे खडू हातात धरून काढली, म्हणून एवढे खात्रीने सांगतो की, मुलगा शाळेत किती वर्षे राहिला ह्यात मास्तराचे यश नसते. तो शाळेतून बाहेर पडून स्वतः वाचू लागला ह्यात असते. जो मुलास दरवर्षी त्याच वर्गात ठेवतो आणि त्याबद्दल फी घेतो, त्यास आपण चांगला शिक्षक म्हणत नाही. मग परमार्थातच निराळा न्याय का लावावा? जालना जिल्ह्यातील जांबचे समर्थ रामदास ह्यांनीदेखील दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणे सांगताना नाना प्रकारचे गुरू मोजून दाखविले आहेत, आणि जे शिष्यास साधनास लावीत नाहीत, इंद्रियांस आवरावयास शिकवीत नाहीत, ते खुशाल टाकून द्यावेत असा निर्वाळा दिला आहे. गुरूची परीक्षा करणे हे पाप नव्हे. तो परंपरेचाच आदेश आहे.

भोंदूगिरीने कोणास फसविले, छळले, तर त्यासाठी आपल्या राज्यात २०१३ सालापासून कायदा आहे. पण मनुष्य आपखुशीने आपली बुद्धी दुसऱ्याच्या पायाशी ठेवतो तेथे कोणताही कायदा पोहोचत नाही. तेथे ज्याचे त्यानेच सावध राहिले पाहिजे. म्हणून कोणाकडे अनुग्रहास जाण्यापूर्वी चार प्रश्न मनाशी विचारावेत. ह्याच्याकडे जाऊन आलेली माणसे आपल्या घरी, आपल्या कामात, आपल्या माणसांशी पूर्वीपेक्षा बरी वागतात की वाईट? ह्याला शंका विचारली तर तो उत्तर देतो की रागावतो? पैशाचा हिशेब उघडा आहे की झाकलेला? आणि अपयश आले तर तो दोष वाटून घेतो की सगळा आपल्याच माथी मारतो? थापटणे केवळ शिष्याच्याच डोक्यावर मारावयाचे असते असा काही नियम नाही. गोरोबांच्या अंगणात सगळेच ओळीने बसले होते.

आणि ज्या माउल्यांस कोणी निगुऱ्या म्हणून हिणविले असेल त्यांना माझे एवढेच सांगणे की, गंगाखेडास गेलात तर जनाबाईच्या देवळात अवश्य जाऊन या. तेथे जिच्यापुढे आपण हात जोडतो, ती आसनावरून उठून मोठी झालेली नाही. ती जात्यावरून उठून मोठी झाली. तुमचे कष्ट आणि तुमचे नाम ह्यांत कोणाची चिठ्ठी लागत नाही. गुरू भेटला आणि तो चांगला निघाला तर आनंदच आहे. न भेटला तर गतीचे दार बंद झाले, असे मानण्यास आपल्या भूमीच्या इतिहासात मला तरी आधार सापडलेला नाही.